‘एकच कारण सांगा’: मेळघाटातून एक लांबलचक उत्तर

प्रश्न असा आला होता: “सहा महिन्यांपासून मी धारणी तालुक्यात एका प्रकल्पावर काम करतो. बालमृत्यूंच्या आढावा बैठकीत प्रत्येक जण वेगळं कारण सांगतो. कोणी अंधश्रद्धा म्हणतं, कोणी स्थलांतर, कोणी लवकर होणारी लग्नं, कोणी रस्ते. तीस वर्षं योजना येताहेत तरी मुलं दगावतातच. कुपोषणाचं मूळ कारण नेमकं कोणतं? आणि एकच गोष्ट करायची झाली तर कोणती करावी?”

एका मृत्यूपासून सुरुवात करते. तपशील थोडे बदलले आहेत, त्या घराची ओळख पटता कामा नये.

मुलगी, वय दहा महिने, वजन 4 किलो 800 ग्रॅम. कागदावर मृत्यूचं कारण न्यूमोनिया. बालमृत्यू अन्वेषणाच्या बैठकीला मी बालरोगतज्ज्ञ म्हणून बसले होते. आरोग्य खात्याच्या माणसाने सांगितलं, पोरीला मोठ्या दवाखान्यात न्यायला आम्ही सांगितलं होतं, घरच्यांनी नकार दिला, हा बघा अंगठा. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकाबाईंनी घरपोच आहाराची वही उघडली. पाकिटं दिलेली होती. कोणी म्हणालं, पोटावर चटक्यांचे डाग होते, म्हणजे आधी भूमकाकडे, गावच्या मांत्रिक-वैदूकडे, नेलं असणार. आदिवासी विकासवाल्यांनी स्थलांतराकडे बोट दाखवलं. वीस मिनिटांत प्रकरण संपलं. चौघंही खरं बोलत होते. त्या खरेपणाचा उपयोग एवढाच झाला की ज्याचं त्याचं खातं मोकळं झालं.

पुढच्या आठवड्यात मी त्या घरी गेले. तपासायला म्हणून कोणी आलं की घर गप्प होतं, म्हणून आशाताईबरोबर गेले, बाजेवर बसले आणि आजीशी मक्याच्या पिकाबद्दल बोलत राहिले. आशाताई कोरकूत, म्हणजे इथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेत विचारायची, आजी उत्तर द्यायची, आई मधूनच हिंदीत भर घालायची. दोन तासांत जे कळलं ते महिन्यांच्या क्रमाने सांगते. मेळघाटात कारणांची यादी करण्यापेक्षा कॅलेंडर वाचलेलं बरं, असं माझं आताचं मत आहे.

पोरगी आश्विनात जन्मली, 2 किलो 100 ग्रॅमची. आई तेव्हा तेवीस वर्षांची. लग्न पंधराव्या वर्षी झालेलं, हे चौथं बाळंतपण, आधीची हयात मुलं दोन. गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आषाढ, श्रावण, भाद्रपदात गेले. म्हणजे कणगी रिकामी, नवं पीक शेतात उभं आणि निंदणी डोक्यावर. त्यात आजीनेच तिला कमी जेवायला सांगितलं होतं. पोटातलं मूल मोठं झालं तर बाळंतपण अडतं, असं आजीचं म्हणणं.

हे बैठकीत कोणी सांगितलं असतं तर ‘अज्ञान’ या रकान्यात गेलं असतं. पण जरा आजीच्या जागी बसून बघा. तिचं तरुणपण अशा गावात गेलं जिथे पावसाळ्यात नाल्याला पूर आला की चार-चार दिवस गाडी येत नसे. जिल्ह्याचं ठिकाण अमरावती, धारणीहून सुमारे दीडशे किलोमीटर आणि मध्ये सगळा घाट. अडलेली बाई तिने डोळ्यांदेखत मरताना पाहिली आहे. बारकं मूल जगेल किंवा जाईल, अडलेली बाळंतीण मात्र जातेच, हा तिचा हिशोब. रस्ता नसलेल्या गावात तो चुकीचा नव्हता. पुढे रस्ता झाला, 108 नंबरची गाडी आली, हिशोब मात्र जुनाच राहिला. तो बदलायचा तर आजीला ‘अंधश्रद्धाळू’ म्हणून भागत नाही. गाडी खरोखर रात्री दोन वाजता येते, हे तिला तीन-चार वेळा दिसावं लागतं.

दिवाळीनंतर सोयाबीन निघालं, उधारी फिटली, हातात फार उरलं नाही. या भागात पूर्वी कोदो-कुटकी ही भरड धान्यं जास्त पेरायचे. तेव्हा हातात पैसा नसायचा पण कणगीत दाणा असायचा. सोयाबीन कणगीत ठेवून खाता येत नाही, विकावंच लागतं. म्हणून मी कोणाला ‘सोयाबीन सोडा’ असं सांगू का? नाही सांगणार. पोरांच्या वह्या, लग्नकार्य, दवाखान्याची वारी यांचा खर्च कुटकीतून निघत नाही.

पौषात घर बंद करून सगळे परतवाड्याच्या बाजूला वीटभट्टीवर गेले. आजी तेवढी मागे राहिली. पोरगी तीन महिन्यांची होती. ‘सहा महिने फक्त आईचं दूध’ हे वाक्य मी आयुष्यात हजारो बायांना सांगितलं असेल. आई दिवसभर बाळापाशी आहे, हे त्या वाक्यात गृहीत धरलेलं असतं. भट्टीवर मजुरी विटांच्या मोजणीवर मिळते. पाजायला उठलं की विटा कमी. बाळ झोळीत आणि झोळीपाशी सात वर्षांची बहीण. तिला जे सुचलं ते तिने केलं: साखरेचं पाणी, मग चहात बुडवलेलं बिस्कीट. सात वर्षांच्या पोरीने याहून चांगलं काय करायला हवं होतं, ते मला सांगता येणार नाही.

इकडे गावच्या अंगणवाडीत पोरीच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा, तिकडे भट्टीजवळच्या अंगणवाडीत तिचं नावच नाही. पोषण आहार मात्र घेतल्याची नोंद होती. आजी गावातच होती, तिने पाकिटं घेतली. “शेळीला घातली का?” मी विचारलं. आजी हसली. थोडी शेळीला, थोडी दिराच्या नातवाला, थोडी तिने स्वतः खाल्ली. त्या घरातलं सगळ्यात भुकेलं माणूस बहुतेक तीच होती.

होळीला सगळे परत आले. कोरकूंचा सगळ्यात मोठा सण होळी. कुठेही कामाला गेलेला माणूस होळीला गावात येतोच. (ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.) नंतर मोहफुलं, तेंदूपत्ता, आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट. पोरीचं वरचं अन्न सुरू करायचं वय नेमकं याच दिवसांत आलं. घरात भाकर होती, पातळ डाळ होती. लोक समजतात तशी ती उपाशी नव्हती. पण एवढ्या मुलाचं पोट केवढंसं असतं! त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं, घट्टसर, वरून तेल घातलेलं भरवावं लागतं, आणि भरवायला अर्धा-अर्धा तास बसणारं माणूस लागतं. त्या घरात अन्नाइतकीच वेळेची टंचाई होती. धान्याच्या टंचाईसाठी आपल्याकडे रेशन दुकान आहे. वेळेच्या टंचाईसाठी कोणत्याही खात्यात रकाना नाही.

आषाढात जुलाब लागले. पोट फुगलं. आजीने भूमकाकडे नेलं, त्याने तापलेल्या विळ्याने पोटावर चटके दिले. याला तिकडे डंबा म्हणतात. प्रकार अघोरी आहे, त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तरी हेही पाहा, की भूमका पाच मिनिटांवर राहतो, रात्री उठवलं तर उठतो, कोरकूत विचारतो, आणि “इतके दिवस झोपली होतीस काय?” असं आईला म्हणत नाही. आठवड्याने खोकला, ताप, धाप. तेव्हा ते आरोग्य केंद्रात आले. म्हणजे ‘हे लोक दवाखान्यात येतच नाहीत’ हेही खरं नव्हतं. केंद्रातल्या तरुण डॉक्टरने बरोबर ओळखलं, इंजेक्शन दिलं, पुढे न्यायला सांगितलं. तिथे तो नकाराचा अंगठा उमटला.

मी बापाला विचारलं. तो म्हणाला, “खेत कौन बोएगा, बाई?” पहिली पेरणी वाया गेलेली, पावसाने दोन दिवस उघडीप दिलेली, दुबार पेरणी चालू. ते दोन दिवस गेले की वर्ष गेलं. मूल भरती असताना आईला बुडीत मजुरी मिळते. बुडालेली पेरणी त्यातून भरून निघत नाही. आई गेली तर बाकीच्या दोघांकडे कोण बघणार? आणि सगळ्यात शेवटी, मी उठता उठता, आई बोलली. तिचं एक मूल याआधी शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात दगावलं होतं. परत आणायला गाडी मिळाली नाही. नवऱ्याने पोर फडक्यात गुंडाळलं, तिला रडायचं नाही असं बजावलं, आणि बसमध्ये मूल झोपलंय असं दाखवत दोघं गावी आले.

नकाराच्या छापील कागदावर हे लिहायला जागा नसते.

आता सांगा, मूळ कारण कोणतं? लवकरचं लग्न, रिकामी कणगी, भट्टी, दोन नोंदवह्यांमधली फट, वेळ, पाणी, डंबा, बसमधला तो प्रवास? यातली कोणतीही एक गोष्ट वगळली असती तर पोरगी कदाचित वाचली असती. कोणतीही एक गोष्ट तिला मारायला पुरेशी नव्हती. ‘मूळ’ या शब्दातच गफलत आहे. झाडाला एक सोटमूळ असतं, ते उपटलं की काम झालं, असं चित्र तो आपल्या मनात उभं करतो. इथे मुळांचं जाळं आहे, आणि एकेका मुळाला त्या घरातलं दुसरं काहीतरी धरून ठेवतं. भट्टीवर जाऊ नका म्हणावं तर उन्हाळ्यात खायचं काय?

हे काही नवं ज्ञान नाही. युनिसेफने 1990 साली कुपोषणाच्या कारणांचा जो आराखडा मांडला त्यात थर आहेत: सगळ्यात वर अपुरा आहार आणि आजार, त्याखाली घरातलं धान्य, मुलाची काळजी घ्यायला माणूस, पाणी, दवाखाना, आणि तळाशी साधनं, सत्ता, समाजाची घडण. गेली तीस वर्षं प्रत्येक प्रशिक्षणात हा आराखडा पडद्यावर दाखवतात. सगळे माना डोलावतात, चहा होतो, आणि चहानंतर पाकिटवाटपाचं वेळापत्रक सुरू होतं.

एका कारणाची ओढ मला कळते. त्याला बजेट जोडता येतं, त्याचं उद्घाटन करता येतं. मी स्वतः दोनदा त्या ओढीने वाहवत गेले आहे. पहिल्यांदा परसबागेत. मेळघाटातल्या माझ्या तिसऱ्या वर्षी मला खात्री पटली होती की भाजी नाही म्हणून रक्त नाही, रक्त नाही म्हणून बारकी बाळं. ऐंशी घरांत वाफे करवले. पावसाळ्यात फोटो झकास आले. फाल्गुनात गेले तर वाफ्यांत शेळ्या होत्या. जिथे बाई पिण्याचं पाणी डोक्यावर आणते, तिथे ती माझ्या पालकाला का घालेल? आणि ज्या पावसाळ्यात माझे वाफे बहरले, त्याच पावसाळ्यात त्यांच्या रानात फुकटच्या रानभाज्या उगवतच होत्या. एका म्हाताऱ्याने मला हे फार सभ्यपणे समजावलं.

दुसरी चूक जास्त वाईट. चटके दिलेलं एक मूल माझ्याकडे आलं, मी संतापून पोलिसांत कळवलं. कायदा माझ्या बाजूने होता, आणि 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा हवाच, हे माझं आजही मत आहे. पण त्यानंतर वर्षभर त्या गावातून माझ्याकडे आजारी मूल आलं नाही. चटके थांबले नव्हते, ते मला दिसायचे थांबले होते. पुढे मी त्याच भूमकाच्या ओट्यावर जाऊन बसायला लागले. आमचं एवढंच ठरलं की तुला काय करायचं ते अंगारा-धाग्याने कर, पण श्वास घेताना छाती आत ओढणारं मूल त्याच दिवशी खाली दवाखान्यात पाठव. तो पाठवू लागला. सगळी नाही, पण पाठवू लागला. रुग्ण पाठवल्याबद्दल भूमकांना मानधन द्यायचा प्रयोगही मेळघाटात झालेला आहे. शहरातल्या माझ्या मित्रांना तो शरणागती वाटतो. त्यांनी आषाढात एक रात्र हतरू किंवा जारिद्यासारख्या आडगावाकडे काढावी आणि मग ठरवावं.

माझ्या मते तुमच्या बैठकांतला निम्मा गोंधळ ‘कुपोषण’ या एका शब्दाने केला आहे. या शब्दात तीन वेगळे प्रश्न कोंबले आहेत. मूल मरतं, हा एक. मूल वाळतं, म्हणजे उंचीच्या मानाने वजन घसरतं, दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली जातो, हा दुसरा. मूल खुंटतं, वयाच्या मानाने बुटकं राहतं, हा तिसरा. तिघांचं नातं आहे, पण त्यांची घड्याळं वेगळी आहेत. मृत्यू दिवसांत घडतो. वाळणं ऋतूबरोबर खालीवर होतं. खुंटणं मात्र आईच्या बालपणापासून सुरू झालेलं असतं आणि ते बदलायला पिढी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2015-16 ला महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे 34 टक्के मुलं खुंटलेली होती, 2019-21 ला सुमारे 35 टक्के. वाळलेली दोन्ही वेळा जवळपास 26 टक्के. हे आकडे अख्ख्या राज्याचे आहेत, यात पुणे-मुंबईही आली. तेव्हा ‘मेळघाटातल्या अंधश्रद्धेमुळे’ हे उत्तर या आकड्यांपुढे तसंही टिकत नाही.

हे तीन प्रश्न वेगळे केले नाहीत की काय होतं? मृत्यू रोखायच्या कार्यक्रमाला तुम्ही ‘उंची का वाढली नाही’ म्हणून नापास करता, आणि वजनाचे आकडे सुधारले की मृत्यूही आटोक्यात आले असं समजता. तेही आकडे किती खरे! ज्या महिन्यात तीव्र कुपोषित मुलांच्या संख्येवरून सेविकेला बोलणी बसतात, त्याच्या पुढच्या महिन्यात मुलं कागदावर सुधारतात. त्या बाईला दोष देऊ नका. वाईट बातमी देणाऱ्याला शिक्षा आपणच लावून ठेवली आहे. एखाद्या अंगणवाडीत कुपोषित मुलांचा आकडा अचानक वाढला तर मी आधी सेविकेचं कौतुक करायचे आणि मग मुलं बघायला जायचे. ती खरं वजन करत असण्याची शक्यता जास्त असते.

एकेका कारणावर मोठमोठे प्रयोगही झाले आहेत, ते तुम्हाला माहीत असावेत. पोषणावरचे दहा सिद्ध झालेले उपाय 90 टक्के लोकांपर्यंत पोचवले तर काय होईल, याचा हिशोब 2013 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला होता. उत्तर आलं की खुंटलेल्या मुलांची संख्या साधारण पाचव्या हिश्शाने कमी होईल. दहाच्या दहा उपाय, जवळजवळ सगळ्यांना, तरी पाचवा हिस्सा! मग काही वर्षं अशी हवा होती की खरं कारण शौचालय. घाणीतून जंतू पोटात, आतडं खराब, अन्न अंगी लागत नाही. साखळी इतकी तर्कशुद्ध होती की मीही भाषणांत सांगायचे. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेत मोठे, काटेकोर प्रयोग झाले, 2018-19 च्या सुमारास निष्कर्ष आले. बांगलादेशात शौचालयं, हात धुणं, स्वच्छ पाणी यांनी जुलाब कमी झाले, पण मुलांची उंची वाढली नाही. शौचालय नको असा याचा अर्थ कोणी काढू नये. शौचालय शौचालयासाठी हवंच. फक्त त्याच्या खांद्यावर खुंटलेल्या उंचीचं ओझं द्यायला नको होतं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, एवढा गुंता सांगितलात, मग आम्ही करायचं काय? हा प्रश्न रास्त आहे. ‘प्रश्न गुंतागुंतीचा आहे’ हे वाक्य मी कामचुकार माणसांच्या तोंडून फार ऐकलं आहे. अमुक मूल का मेलं म्हणून विचारलं की ‘सामाजिक प्रश्न आहे, बहुआयामी आहे’ असं म्हणून फाइल बंद. हा सोपेपणाचाच दुसरा अवतार. चौकशी तो पहिल्याइतक्याच लवकर संपवतो.

गडचिरोलीकडे बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे नवजात बालकांच्या मृत्यूंवर काम केलं. प्रयोग 39 गावांत, तुलनेला 47 गावं. गावातल्याच थोडं शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन, ऊब, स्तनपान, श्वास मोजणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शनसुद्धा. नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला, 1999 साली ‘द लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देतात त्याची वाट तिथून निघाली. गडचिरोलीत तेव्हा गरिबी गेली नव्हती, लग्नाचं वय वाढलं नव्हतं, जंगलही होतं तिथेच होतं. मग सोपा उपाय चालला की! चालला, कारण तो सोपेपणा आधी घरात बसून, बाळं कशी आणि कधी मरतात ते बारकाईने पाहून मिळवलेला होता. सिझर लागलेल्या बाईसाठी त्यांच्याकडे जादू नव्हती, पण थंड पडणारं बाळ वाचवायला दवाखान्याची वाट बघावी लागत नाही, हे त्यांना सापडलं. आणि त्यांनी ‘कुपोषण हटवू’ असं म्हटलं नव्हतं, नवजात मृत्यू हा एकच प्रश्न धरला होता.

म्हणून हाताशी जे सोपं आहे ते मी डोळे झाकून सोपंच ठेवते. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या मुलाचा श्वास मिनिटाला 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त, की न्यूमोनिया समजायचा. जुलाबात ओआरएस आणि चौदा दिवस झिंक. यात चर्चा नको, समाजशास्त्र नको. माझ्या त्या दहा महिन्यांच्या पोरीला आषाढातल्या पहिल्या दिवशी कोणी ओआरएस-झिंक दिलं असतं आणि आठव्या दिवशी श्वास मोजला असता, तर बाकी सगळं तसंच असूनही ती दिवाळी पाहू शकली असती. बारीकच राहिली असती, पण जगली असती. तीव्र कुपोषित मुलाला साध्या आजारात मरणाचा धोका धडधाकट मुलाच्या कितीतरी पट असतो. म्हणूनच अशा मुलाला वाट बघायला सवड नसते.

पाकीट की घरचं अन्न, या वादात मला ओढू नका. तीव्र वाळलेलं मूल सहा-आठ आठवड्यांत वर आणायला ताकदीचा तयार आहार लागतो. तेच मूल पुढच्या पावसाळ्यात परत खाली येऊ नये यासाठी पाकीट काही करू शकत नाही. दोन्ही बाजूंनी उगाच धर्मयुद्ध केलं.

तुमच्या कामापुरतं सांगायचं तर कॅलेंडर भिंतीवर लावा आणि त्यावर माणसं लिहा. दिवाळीच्या आधी यादी करायची ती अशी: दोन वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई असलेली कोणती घरं यंदा बाहेर जाणार, कुठे, आणि मुकादमाचा फोन कोणता. ती यादी खाली परतवाडा, अचलपूर, अंजनगाव, अकोटच्या अंगणवाड्यांना आणि सिस्टरना पोचवायची. कागद पाठवून गप्प बसू नका, फोन करा. अमृत आहार योजनेच्या मी बाजूची आहे. 2015 पासून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण मिळतं ही मोठी गोष्ट आहे. पण ताट गावात आणि बाई भट्टीवर असेल तर ताट कोणाच्या पोटात जातं, ते आजीने मला सांगितलंच आहे.

होळीचा आठवडा वाया घालवू नका. वर्षातला तो एकच आठवडा, जेव्हा सगळं गाव घरात असतं. प्रत्येक मुलाचा दंडाचा घेर त्या वेळी मोजून घ्या. सरकारी आराखड्यात तो आठवडा सुट्ट्यांचा आणि मार्चअखेरच्या बिलांचा असतो, त्यामुळे तुम्हाला भांडावं लागेल. मृगाच्या आधी, आषाढ ते भाद्रपदात बाळंत होणाऱ्या बायांची नावं काढा. ज्यांच्या गावाचा रस्ता तुटतो त्यांना आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात आधी आणून ठेवता येतं. धाकटं मूल आणि सोबतीला बाई घेऊन येता येतं, हे अनेकींना कोणी सांगितलेलंच नसतं. मागे राहणाऱ्या मुलांकडे आणि शेळ्यांकडे कोण बघणार, हे तुम्ही विचारलंत तरच ती येईल.

आणि नकार आला की त्या कागदावर अंगठा घ्यायच्या आधी एक प्रश्न विचारा: “जायला काय अडतंय?” उत्तर शक्यतो आजीकडून किंवा आईकडून घ्या, बापाकडून पहिलं उत्तर नेहमी पैशाचं येतं. तीन-चार अडचणींपैकी एखादी तुम्हाला तिथल्या तिथे सोडवता येते. एकदा मी एका तरुण शिक्षकाला दोन दिवस पेरणीवर देखरेख करायला बसवलं होतं. मूल भरती झालं, आणि पेरणीही झाली, थोडी वाकडी.

तुम्ही ‘एकच गोष्ट’ मागितलीत. अख्ख्या मेळघाटासाठी माझ्याकडे ती नाही. तुमच्या पंधरा-वीस गावांसाठी मात्र असू शकते, आणि ती प्रत्येक गावाची वेगळी असेल. एका गावात ती नाल्यावरचा मोडका रपटा असेल, दुसऱ्यात सिस्टरची वर्षभर रिकामी जागा, तिसऱ्यात मृतदेह परत आणायची गाडी. पुढच्या बैठकीत कोणी मूळ कारण विचारलं तर त्या रपट्याचं नाव, गाव आणि किती दिवस बंद होता ते सांगा. आणि पावसाळ्याच्या आत तो दुरुस्त होतो का, हे त्याच बैठकीत लिहून घ्या.